पार्बताबाईला दिसलेला धबधबा

दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याला पार्बताबाईनं चांगलं फैलावर घेतलं, ही गोष्ट घरात कोणाला कळली नाही. सोमवार होता, सकाळचे दहा. अमरावतीच्या त्या घराची मागची गॅलरी उगवतीला उघडते, तिथं ऊन आलं होतं आणि उन्हात पाठमोरा किशोर उभा होता, खांदे पाडून, लहानपणी मार खाल्ल्यावर उभा राहायचा तसा. "काहून रे," ती म्हणाली, "व्यापारी शनवारी बाग पाह्यले येऊन राह्यला, अन् तू अजून अथीच? झाडाखालचं तण कोण काढीन, तुहा सासरा?" किशोर बोलला नाही. न बोलणं ही त्याची जुनी खोड, बापाकडून आलेली, म्हणून तिनं बापालाही त्यात ओढलं. खुशालराव वारून नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या वाटणीचं बोलणं अजून तिच्यापाशी शिल्लक होतं. मग वारा आला. किशोरची बाही वर उचलली गेली, आणि तिच्यात हात नव्हता. पार्बताबाई तशीच उभी राहिली. पुढं होऊन तिनं बाही चिमटीत धरली, ओलसर होती, निळीचा वास येत होता. हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. आत कुकरची शिट्टी झाली तशी ती चोरी केल्यासारखी दचकली आणि घरात येऊन आपल्या खुर्चीत बसली. दुपारी खरा किशोर जेवायला आला तेव्हा ती त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलली. तो घाबरून म्हणाला, "आई, बरं वाटत नाही का वं तुले?"

डोळ्यांचं तिला माहीत नव्हतं असं नाही. ताक पिऊन झाल्यावर गिलासाला जो पांढरा थर राहतो, तसं उजव्या डोळ्याचं झालं होतं दोन वर्षांपासून. यंदा पोळ्यापासून डावाही त्याच वाटेनं निघाला होता. तांदूळ निवडणं तिनं कंबर दुखते म्हणून सोडलं, सुईत दोरा ओवणं नातीला वळण लागावं म्हणून सोडलं, आणि टीव्हीवरच्या बाया एकजात टवळ्या म्हणून टीव्ही सोडला. मोतीबिंदू काढायला आजकाल अर्धा तासही लागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या गोदाबाईनं दोन्ही डोळे करून घेतले होते आणि काळा चष्मा लावून ती अख्ख्या गल्लीला आपली खिडकी समजत होती. सुरीची भीती पार्बताबाईला नव्हती. भीती होती ती पट्टीची. पट्टी बांधून ती महिनाभर घरात बसणार, आणि तेवढ्यात वरूडच्या बागेचा अंदाज दुसऱ्या कोणाला तरी विचारला जाणार. संत्र्याची बाग उक्ती, म्हणजे एकगठ्ठा, द्यायची तर फळ झाडावर असतानाच आकडा सांगावा लागतो. झाडावर फळ किती, हे तोडल्यावर कोणीही सांगेल. तोडायच्या आधी सांगणारी वरूडच्या त्या शिवारात एकच बाई होती आणि ती शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. झाडाला एक फेरी मारायची, डोक्यावरचा पदर मागं सारायचा आणि म्हणायचं, साडेनऊशे. तोडणीला नऊशे चाळीस निघायचे. व्यापारी बाहेरचा असो की गावचा, चहा आधी तिला द्यायचा, मग किशोरला. गेल्या साली तिनं सांगितलेल्यापेक्षा एका झाडाला दोनशे फळ कमी निघालं. किशोर म्हणाला गळ झाली असंन. तीही म्हणाली, गळच झाली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते झाड तिच्यापुढं येऊन उभं राहायचं, गोल, हिरवं, आणि कुठंकुठं पिवळं. ते पिवळं फळ होतं की पानांतून आलेलं ऊन, हे तिला काही केल्या सांगता येत नव्हतं.

म्हणून आचलनं, नातीनं, चिखलदऱ्याच्या निसर्ग सहलीचं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पार्बताबाई एकदम हो म्हणाली. बुधवारी सकाळी निघायचं, गुरुवारी रात्री परत. जंगलात पायी फिरणं, धबधबे, जनावरं, संग वाट दाखवणारी बाई. आधी दोनदा तिनं उडवून लावलं होतं. "झाडं पाह्यले पैसे देऊ मी? मीच झाडं लावलेली बाई हावो." पण सदऱ्याच्या त्या सकाळनंतर घर तिला नकोसं झालं होतं. घरात कोणती वस्तू कुठं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून चुकणारा लगेच सापडतो. जंगलातलं कोणालाच काही ठाऊक नसतं. तिथं एखाद्यानं गव्याला दगड म्हटलं तर लोक हसून सोडून देतात. दोन दिवस कोणी आपल्याला काही विचारणार नाही, या विचारानंच तिला हलकं वाटलं. सून दीपमाला बरोबर येणार हे तिला निघताना कळलं. "तू कायले?" तिनं विचारलं. दीपमालानं पिशवीची चेन लावत म्हटलं, "मीही कुठी पाह्यलं हाये, आई, चिखलदरा." हे खरं असणं शक्य होतं. दीपमाला अकोल्याची, बावीस वर्षांपूर्वी या घरात आली, बी.कॉम. झालेली, बोलणं बेताचं, आणि पार्बताबाईसमोर त्याहून बेताचं. लग्नानंतरच्या पहिल्या बहाराला ती बागेत हौसेनं एका झाडाकडं पाहून काहीतरी आकडा बोलली होती. पार्बताबाईनं चारचौघांत म्हटलं होतं, "अकोल्याच्या लोकायले संत्रा दुकानात मांडलेला मालूम, झाडावरचा नाही." लोक हसले होते. त्यानंतर दीपमाला बागेत आली की विहिरीपाशीच स्वयंपाकाचं पाहायची.

परतवाडा सोडलं आणि गाडी घाटाला लागली तसा पार्बताबाईचा जीव फुलून आला. कानात दडे बसले, सुटले, पुन्हा बसले. काचेतून येणारी हवा आधी ओली झाली, मग थंड, मग तिला वास आला, मातीचा, कुजल्या पानांचा, आणि कुठल्यातरी रानफुलाचा जरा तिखट वास. हिरवं तिला दिसत होतं. हिरव्याचे थर दिसत होते, जवळचं काळं हिरवं, लांबचं निळं हिरवं, आणि त्यात कडा कुठं नव्हत्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं, पाण्यात सुटलेल्या रंगांसारखं. असंच असतं की काय जंगल, तिला वाटलं. मग यात वाईट काय आहे? गाडीत अकोल्याचे पंजाबराव होते, तारखात्यातून निवृत्त झालेले, गळ्यात दुर्बीण. दर दोन मिनिटांनी ते हात लांब करून काहीतरी जाहीर करायचे. "ते पाहा, रानगवा! उजवीकडं, बांबूच्या बेटाखाली!" सगळी गाडी उजवीकडं कलंडली. "दिसला!" आचल म्हणाली. "दिसला," ड्रायव्हर म्हणाला. "पाय पाह्यले का, पांढरे मोजे घातल्यासारखे!" पंजाबराव म्हणाले. मग पार्बताबाई सर्वांच्या मागून, सावकाश म्हणाली, "हो नं. मोजे पाह्य कसे पांढरेफेक हायेत." एवढं सोपं होतं ते. आधी बोलायचं नाही. दोघंचौघं बोलले की त्यांच्यातलं एक उचलायचं आणि त्याला आपल्या घरची फोडणी द्यायची. दुपारपर्यंत तिनं असे दोन गवे पाहिले, एक भेकर, आणि उंच झाडावरचं एक शेकरू. शेकराच्या बाबतीत तर पंजाबरावांना दुर्बिणीतूनही सापडेना तेव्हा तिनंच त्यांना चिडवलं, "काय भाऊ, अकोल्याचं ऊन लागलं वाट्टे डोळ्याले! केवढी शेपटी लोंबून राह्यली!" गाडी हसली. तीही हसली. पदराआड मात्र तिनं आपला हात आपल्याच हातानं दाबून धरला होता.

गुरुवारी सकाळी पायी निघाले. वाट दाखवणारी बाई कोरकू होती, फुलवंती कासदेकर, पन्नाशीची, नऊवारी कासोट्यावर खाकी जाकीट आणि पायात पावसाळी बूट. तिनं सगळ्यांना एकदा निरखलं आणि म्हणाली, "तीन किलोमीटर उतार हाय, मंग भीमकुंड. ज्याचे घुटने दुखते त्यानं आत्ताच सांगून द्या." पंजाबराव हळूच बाकड्यावरून उठले आणि पुन्हा बसले, पुन्हा उठले. पार्बताबाई सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. पाय तिचे अजून बाविशीतले होते. चाळीस वर्षं ढेकळांत चाललेली, तिला वाटेचं कौतुक काय सांगावं? डोळे नसले तरी तळव्यांना वाट कळत होती, इथं दगड, इथं मूळ, इथं शेवाळ आहे जरा सावर. आचल दोनदा घसरली, ती एकदाही नाही. तिला फार बरं वाटत होतं. माणसाचा दम लागण्याचाही एक आनंद असतो, तो अमरावतीच्या घरात तिला कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. तिथं ती खुर्चीतून देवघर आणि देवघरातून खुर्ची एवढंच चालायची. झाडांवरून राहिलेलं पाणी टपटपत होतं. कुठंतरी वानर खाकरलं. "आता चूप," फुलवंती म्हणाली, "हे वानर नुसतं बोलून नाही राह्यलं, कोणाले तरी पाहून राह्यलं." सगळे थिजले. पार्बताबाईला ते आवडलं. डोळ्यांनी काही न पाहता, दुसऱ्याच्या ओरडण्यावरून बिबट ओळखायचा, ही तर तिचीच विद्या झाली. बिबट दिसला नाही, कोणालाच. वानर खाकरून थांबलं. पुढं एका झाडापाशी फुलवंती थांबली आणि म्हणाली, "हे पाहा. अस्वल चढलं होतं मोहावर, मध खायले." सगळ्यांनी मोबाइल काढले. पार्बताबाई पुढं झाली आणि तिनं सालीवर सरळ हात ठेवला. चार खोल चरे होते, वर रुंद, खाली निमुळते, तिची बोटं त्यांत नीट बसली. एक चरा दुसऱ्याहून उथळ. "एक नख तुटलेलं हाये याचं," ती म्हणाली. फुलवंतीनं वाकून पाहिलं, मग पार्बताबाईच्या तोंडाकडं पाहिलं, जरा जास्त वेळ. "बराबर हाय, माय," ती म्हणाली. "आमच्या बुढ्यानं मले असंच शिकवलं, हात लावून." पार्बताबाईनं हात काढून घेतला. त्या जास्त वेळाच्या पाहण्यानं तिला घाम फुटला.

कारण तशा पाहण्याची तिला ओळख होती. तसं तिनं स्वतः एकदा पाहिलं होतं, आपल्या सासूकडं. रुख्मिणीबाई, त्या बागेची मूळ मालकीण. बागेतली झाडं तिनं पोरांसारखी वाढवली होती आणि पोरांपेक्षा बरी. आकडा सांगायची विद्या तिचीच. पार्बताबाई सव्वीस वर्षांची, अंगावर किशोर, डोक्यावर पदर नाकापर्यंत. व्यापारी उभा. सासू झाडाकडं पाहत होती, की झाडाच्या जरा बाजूला पाहत होती? "बाराशे," सासू म्हणाली. आणि पार्बताबाईच्या तोंडून पदराआडून निघून गेलं, "आठशेच्या वर नाही." व्यापारी हसला. सासूनं मान वळवली, तिच्याकडं नाही, तिच्या जरा बाजूला, आणि तेव्हाच पार्बताबाईला कळलं, हिला दिसत नाही. ती पाहतच राहिली, जास्त वेळ. तोडणीला आठशे तेरा निघाले. त्या दिवसापासून खुशालराव आईला विचारायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही, कोणी काही काढून घेतलं नाही. फक्त विचारायचे थांबले. सासूची बाज विहिरीजवळ कडुलिंबाखाली आली. येणारा जाणारा तिच्या कानावर आला की ती विचारायची, "बहार कसा हाये, बापा?" आणि सगळे म्हणायचे, "चांगला हाये." खुशालराव म्हणायचे, "चांगला हाये." पार्बताबाई डोक्यावर पाटी घेऊन जाता जाता न थांबता सासूला म्हणायची, "चांगला हाये, मामी." अकरा वर्षं. फळ बारीक पडलं त्या सालीही चांगला हाये, कोळशी रोगानं पानं काळी झाली त्या सालीही चांगला हाये. त्या बाईनं कधी जास्त विचारलं नाही. तीही गर्वाची होती, पार्बताबाईइतकीच. जेवताना मात्र ताटात हात फिरवून ती प्रत्येक वस्तू मोजायची, भाकर एक, कांदा एक, मिरची दोन. तोंडानं मोजायची, मोठ्यानं, आणि पार्बताबाईला त्याचा राग यायचा. आता उतरणीवर, एका हातात काठी आणि दुसरा हात कशालाच नाही, तिला वाटलं, ती ताट मोजत नव्हती. ती मोजणं विसरू नये म्हणून मोजत होती.

वाट संपली तसं पाण्याचं ऐकू येऊ लागलं. आधी पानांत वारा भरावा तसं, मग घरंगळणाऱ्या खडीसारखं, मग इतकं मोठं की ते आवाजासारखं वाटेना, छातीवर कोणी हात ठेवावा तसं वाटायला लागलं. हवा तोंडावर ओली लागली. लोखंडी कठडा हाताला आला, गार. फुलवंती म्हणाली, "हे आलं भीमकुंड. कीचकाले मारून भीमानं अथीच आंग धुतलं म्हंतात." आणि मग कोणीच बोललं नाही. पार्बताबाई थांबली. ती पंजाबरावांची वाट पाहत होती. पंजाबराव बोलेनात. आचल बोलेना. तिच्यापुढं सगळं पांढरं होतं, वरपासून खालपर्यंत, एकसारखं पांढरं, त्यात कुठं रेघ नाही, ठिपका नाही. आलं, तिला वाटलं, आज आलं, डावाही गेला, इथं या कठड्यापाशी. आणि हे सगळे गप्प आहेत कारण यांना जे दिसतंय ते एवढं मोठं आहे की तोंडून शब्द निघेना. आणखी थोडा वेळ ती गप्प राहिली असती तर सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं असतं, जास्त वेळ. म्हणून तिनं आपला नेम मोडला. पहिल्यांदाच, कोणी बोलायच्या आधी, कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "बाप्पा बाप्पा! काय धबधबा हाये! कसा सरळ खाली कोसळून राह्यला, दुधाच्या कॅनी उपड्या केल्यासारखा! जन्मात नाही पाह्यला असा!"

मग पंजाबरावांना हसू फुटलं. "कुठी दिसला तुमाले, बाई? अजी, पुढं हाताचं बोट दिसून नाही राह्यलं. नुसतं धुकं हाये!" आचल म्हणाली, "आजी, अगं..." आणि तिचं वाक्य तिथंच राहिलं, त्या राहिलेल्या वाक्यात पार्बताबाईला ऐकू आलं की नातीला सगळं समजलं. धुकं. सगळ्यांसाठीच पांढरं होतं. तिच्या आयुष्यात इतकी साधी चूक तिनं केली नव्हती. काल दिवसभर खोटं बोलून ती सापडली नव्हती. आणि जिथं कोणालाच दिसत नव्हतं, तिथं फक्त तिला दिसलं. इथून पुढचं तिला ठाऊक होतं, आजच्या संध्याकाळपासून पुढची सगळी वर्षं, कोण काय म्हणेल ते, कोण काय विचारणार नाही ते. तेवढ्यात तिच्या शेजारून, कठड्याच्या अगदी जवळून दीपमाला बोलली, एरवी बोलायची त्याहून मोठ्यानं, पाण्याच्या वर. "मलेही दिसला. धुकं जरासं फाटलं होतं नं, आत्ता. भाऊ, तुमी तिकडं दुर्बीण पुसून राह्यले होते." पंजाबरावांनी दुर्बिणीकडं पाहिलं. "अस्सं?" ते म्हणाले. "फाटलं होतं का?" "फाटते असं," फुलवंती म्हणाली, "एका मिनटासाठी फाटते." तिनं हे म्हणताना कोणाकडं पाहिलं ते पार्बताबाईला दिसलं नाही.

दीपमाला खोटं बोलते, हे पार्बताबाईला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. आणि इतकं सफाईनं बोलते म्हणजे आजचं पहिलं नव्हे. तिच्या मनात एकेक गोष्ट येऊन उभी राहू लागली. साखरेच्या डब्याला उन्हाळ्यात लाल झाकण आलं, तेव्हा तिनं किती तोंड सोडलं होतं, चांगलं झाकण असताना नवं कायले म्हणून. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा ती म्हणाली होती, घर हाये का एस.टी. स्टँड? न्हाणीघरातला दिवा बदलला. तिच्या गोळ्यांची पाकिटं वेगवेगळ्या डब्यांत गेली, एक गोल, एक चौकोनी, हाताला कळावं तसं. ताटात भाजी नेहमी एकाच बाजूला. आणि या सगळ्याबद्दल त्या पोरीनं बोलणी खाल्ली, एक एक करून, आणि एकदाही म्हटलं नाही की आई, तुमाले दिसत नाही. पार्बताबाईनं हिच्या जागी असताना काय केलं होतं? आठशेच्या वर नाही. एवढं म्हटलं होतं, आणि बरोबर म्हटलं होतं. बरोबर म्हणण्याचा तिला सगळा जन्म अभिमान वाटत आला होता. पाण्याचे बारीक कण तिच्या तोंडावर, ओठांवर येऊन बसत होते. तिनं ते पुसले नाहीत. लाज होती, पण लाजेच्या खालून वेगळंच काहीतरी वर येत होतं, थंड, मोकळं, दिवसभर बांधलेला अंबाडा सोडल्यावर डोक्याला वाटतं तसं. सुनेला माहीत आहे. कितीतरी दिवसांपासून माहीत आहे. आणि तरीही ही बाई रोज सकाळी विचारते, आई, आज भाजी काय करू?

धुकं खरंच फाटलं. ते तिला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. "ओ हो हो!" पंजाबराव म्हणाले. आचलनं किंकाळी फोडली, मोबाइल निघाले, सगळे कठड्याच्या उजव्या टोकाकडं धावले. पार्बताबाईपुढचं पांढरं जरा हललं, एका बाजूला काळसर झालं, तेवढंच. दीपमाला तिच्यापाशीच थांबली होती.

"सूनबाई," पार्बताबाई म्हणाली.

"हो, आई."

"मले नाही दिसत तो."

दीपमाला म्हणाली, "चांगला हाये, आई. खूप चांगला हाये."

"चांगला नोको सांगू मले!" पार्बताबाई इतक्या जोरात ओरडली की लांबची फुलवंती वळली. "चांगला म्हणजे काय असते? मी का बाजेवरची बुढी हावो? कसा हाये ते सांग. डोळे हायेत नं तुले, धड?"

"पांढरा हाये," दीपमाला गोंधळून म्हणाली. "उंचावरून पडून राह्यला."

"पांढरं मलेही दिसते, तेच त दिसते दोन साल झाले. धारा किती?"

"धारा?"

"अवं, एक का दोन? वरून एकच निंघते का फुटून निंघते? नजर अशी सगळ्यावर नोको टाकू, भांबावते माणूस. एका कडेनं धर. डावीकडची कड धर अन् वरून खाली ये, मंग दुसरी. झाड असंच पाह्यतात."

दीपमालाचा हात कठड्यावर सरकला, पार्बताबाईच्या हाताला लागला आणि तिथंच राहिला. ती पाहत होती. तिचा श्वास बदललेला पार्बताबाईला शेजारून ऐकू आला, एखादं काम खरंच हातात घेतल्यावर बदलतो तसा. "डावीकडं एक," ती हळू म्हणाली, "बारीक. मंग मधातली मोठी. ती अर्ध्यात दगडावर आपटून दोन होते."

"मंग ती एकच धर. उगम एक त धार एक. पुढं?"

"उजवीकडं एक, झुडपातून. चार... नाही, तीन."

"तीन का चार?"

"तीन, आई."

"तिनाचा भरवसा हाये तुले? पुढून दिसते तेवढंच सगळे लोक मोजतात, तो पंजाबरावही मोजीन. दगडाच्या आड पाह्य. पानाआडचं फळ मोजलं त मोजलं."

उजव्या टोकावर आचल ओरडत होती, आजी इकडं ये, इकडून फोटो मस्त येऊन राह्यला. कोणी गेलं नाही. दीपमाला कठड्यावर वाकली, एका पायावर, इतकी की पार्बताबाईनं तिच्या कमरेचा पदर मुठीत पकडून ठेवला. पाण्याच्या आवाजाखाली ती पुटपुटत होती, पहिल्यापासून पुन्हा. पार्बताबाईला घाई नव्हती. पायाखाली दगड थरथरत होता, तोंड भिजत होतं, अंगात उतरणीची ऊब होती, आणि आपल्याला किती बरं वाटतंय याचंच तिला नवल वाटत होतं. "शनवारी तू चाल माया संगं वरूडले," ती म्हणाली. "व्यापाऱ्यासमोर झाडाखाली तू उभी राह्यशीन. मी तुह्या मांगं राह्यतो, काही चुकलं त चिमटा काढीन, पण बोलणार नाही. अन् दिवाळीच्या आदी डोळ्याचं काय ते करून टाकू. गोदाबाईसारखा काळा चष्मा नोको मात्र, नटी दिसते ते."

"अन् हे काय म्हंतीन?"

"किशोरनं आजलोक काही म्हटलं हाये का?"

दीपमाला हसली. बावीस वर्षांत ते हसणं पार्बताबाईनं स्वयंपाकघराच्या दारापलीकडून ऐकलं होतं, आपण आत गेलो की थांबणारं. आता ती जवळ होती आणि ते थांबलं नाही. मग ते आपसूक विरलं, कारण दीपमालाला काहीतरी दिसलं होतं. "थांबा, थांबा," ती म्हणाली, आणि सासूला थांबा म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "मधातल्या मोठ्या धारेच्या मांगं कपार हाये. तिच्यातून एक येऊन राह्यली, पुढच्या पाण्यानं झाकते अन् उघडते. अन् अजून एक हाये, पार खाली, दगडातूनच निंघून राह्यली."

"मंग झाल्या किती?"

"पाच."

पार्बताबाईनं पांढऱ्याकडं पाहिलं. तिथं पाच नव्हत्या, तीन नव्हत्या, एकही नव्हती. तिच्या सबंध आयुष्यात कोणी सांगितलेला आकडा तिनं स्वतः फेरी मारल्याशिवाय मान्य केला नव्हता, नवऱ्याचा नाही, व्यापाऱ्याचा नाही, डॉक्टरनं सांगितलेला स्वतःच्या रक्तदाबाचाही नाही.

"पाच," ती म्हणाली, आणि पाचच धरल्या.